टॉर्च, पट्टी आणि एक मिलिमीटर : क्लोज-अप फोटो कसे काढावेत

क्लोज-अपची सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नये. संध्याकाळी खोलीतला दिवा मालवा, हातात एक छोटा टॉर्च घ्या आणि टेबलावर जे काही पडलं असेल त्यावर तो अगदी आडवा धरा. प्रकाश पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे. समोरून उजेड पडतो तेव्हा कागद नुसता पांढरा दिसतो. तोच उजेड आडवा आला की कागदाचे तंतू, घडीची रेघ, पेनच्या दाबाने उमटलेली अक्षरं वर येतात. मग टॉर्च वस्तूच्या मागे न्या. पान, पीस, कांद्याचा पापुद्रा, रंगीत काच अशा गोष्टींची आतली रचना तेव्हाच कळते. घरातल्या दहा-बारा वस्तूंवर असा टॉर्च फिरवला की कशाचा फोटो काढायचा हा प्रश्न बहुधा उरत नाही.

हे आधीच सांगण्याचं कारण असं की या छंदात नवीन आलेला माणूस सगळी शक्ती वस्तू मोठी करण्यावर खर्च करतो. नुसतं मोठं केल्याने काही सुंदर होत नाही. उजेड कुठून येतोय आणि फोटोतला तीक्ष्ण भाग नेमका कुठे पडलाय, या दोन गोष्टींवर फोटो तरतो किंवा बुडतो. कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन कलाशिक्षकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळ्या, देठ, कोवळे कोंब यांचे जे फोटो काढले, ते घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने, साध्या कोऱ्या पार्श्वभूमीवर आणि सौम्य दिवसउजेडात काढलेले आहेत. अमेरिकेत विल्सन बेंटली याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून बर्फाच्या एकेका स्फटिकाचे फोटो घ्यायला सुरुवात केली आणि पुढे हजारो स्फटिक टिपले. दोघांचीही साधनं आजच्या मानाने अगदी मोजकी होती.

आधी पट्टीचा फोटो

आपल्याजवळच्या कॅमेऱ्याची पोच किती, ते एकदा मोजून ठेवा. ऑटोफोकस बंद करा, फोकस जवळात जवळ न्या आणि मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीचा फोटो काढा. चौकटीत आडवे किती मिलिमीटर मावले ते मोजा. सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या चिपच्या, रुंदीला या आकड्याने भागलं की मॅग्निफिकेशन, म्हणजे वस्तू सेन्सरवर किती पट मोठी पडते ते, मिळतं. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, एपीएस-सी साधारण २३.५ मिमी, कॅननचा एपीएस-सी थोडा लहान म्हणजे २२.३, आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३. फुल-फ्रेमवर ३६ मिमी दिसले तर १:१ (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची), ७२ दिसले तर १:२, १४४ दिसले तर १:४.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची झूम लेन्स ५५ वर ठेवून जवळ नेली तर साधारण १:४ ते १:३ मिळतं. हे कमी वाटतं, पण फुलं, पानं, गंजलेलं कुलूप, दोरखंडाचे पीळ, लाकडाच्या रेषा यांचे उत्तम फोटो याच टप्प्यात निघतात. १:१ लागतं ते कीटकांच्या डोळ्यांसाठी, परागकणांनी भरलेल्या पुंकेसरासाठी, घड्याळाच्या काट्यांसाठी. १:१ च्या पलीकडची कामं वेगळ्याच चिकाटीची असतात, तिथे लगेच उडी मारू नका.

आणखी जवळ जाण्याचे मार्ग

क्लोज-अप फिल्टर हा लेन्सच्या पुढे स्क्रूने बसणारा भिंगाचा प्रकार. त्यावर +१, +२, +४ असे डायॉप्टरचे, म्हणजे भिंगाच्या ताकदीचे, आकडे असतात. लेन्सचा फोकस अनंतावर असताना +२ लावलं तर वस्तूपासूनचं अंतर अर्धा मीटर होतं, +४ लावलं तर २५ सेंटिमीटर. मॅग्निफिकेशन काढायचं तर फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) मीटरमध्ये घेऊन डायॉप्टरने गुणा : २०० मिमी लेन्सवर +४ म्हणजे ०.२ × ४ = ०.८, जवळजवळ १:१. त्याच फिल्टरने ५० मिमी लेन्सवर ०.२ च मिळेल. म्हणून हे फिल्टर लांब झूम लेन्सवर लावावेत. एकाच काचेचे फिल्टर कडांना जांभळी-हिरवी झालर आणतात, दोन काचा चिकटवून केलेले ॲक्रोमॅट स्वच्छ चित्र देतात. तीन-तीन फिल्टर एकावर एक चढवणं म्हणजे पैसे देऊन धुकं विकत घेणं.

एक्स्टेंशन ट्यूबमध्ये काचच नसते. ती फक्त लेन्सला सेन्सरपासून दूर नेते. वाढलेलं मॅग्निफिकेशन म्हणजे ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंथ. ५० मिमी लेन्सखाली २५ मिमी ट्यूब घातली तर ०.५ ची भर पडते. म्हणजे फिल्टरच्या अगदी उलट, इथे आखूड लेन्सला फायदा जास्त. पण फारच आखूड लेन्स घेऊ नका. १८ मिमी लेन्सखाली ३६ मिमीची ट्यूब घातली तर फोकस लेन्सच्या आतच पडतो आणि काहीही केलं तरी चित्र उमटत नाही. विजेचे संपर्क असलेलीच ट्यूब घ्या, नाहीतर आजच्या बहुतेक लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) बदलता येत नाही.

लेन्स उलटी बसवणारी रिव्हर्स रिंग हा सर्वात स्वस्त आणि सर्वात कुरकुरीचा मार्ग. ५० मिमी लेन्स उलटी लावली की १:१ च्या जवळपास पोचता येतं, २८ मिमी उलटी लावली तर त्याच्या दुप्पट. पण कॅमेरा आणि लेन्सचं बोलणं बंद होतं. यासाठी ॲपर्चरची रिंग लेन्सवरच असलेली जुनी लेन्स सोयीची. शिवाय लेन्सची मागची नाजूक बाजू आता बाहेर असते आणि वस्तूला टेकायला फार वेळ लागत नाही.

मॅक्रो लेन्स घ्यायची असेल तर ९० ते १०५ मिमीची घ्या. ६० मिमीची लेन्स टेबलावरच्या कामाला उत्तम, पण १:१ ला वस्तू लेन्सच्या टोकापासून दहा सेंटिमीटरच्याही आत येते, कीटक उडून जातो आणि लेन्सची सावली पडते. १०० मिमीच्या लेन्समध्ये हीच फट १३-१५ सेंटिमीटर मिळते. १८० मिमीची लेन्स आणखी लांबून काम करते, मात्र जड असते आणि हातातला जरासा कंपही फोटोत उतरवते.

फोनवाल्यांसाठी थोडं वेगळं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला साधारण दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर लागतं. काही फोनमध्ये अल्ट्रावाइड कॅमेऱ्याला ऑटोफोकस असतो. २०२१ च्या आयफोन १३ प्रोपासून तो दोन सेंटिमीटरपर्यंत जातो. एवढ्या जवळ गेलं की फोनची स्वतःचीच सावली पडते आणि रुंद लेन्समुळे वस्तूचा पुढचा भाग फुगल्यासारखा दिसतो. म्हणून पाच-सहा सेंटिमीटरवर थांबून फोटो कापून घेतलेला बरा. जवळ फोकस करणारी टेलिफोटो लेन्स फोनमध्ये असेल तर तीच वापरा. स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा वेगळा 'मॅक्रो' कॅमेरा मात्र विसरा. मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून कापलेला फोटो त्याच्यापेक्षा बहुतेक वेळा सरस निघतो. फोन जवळ नेताच चित्र किंचित उडी मारतं, कारण फोन आपणहून दुसऱ्या लेन्सवर जातो. सेटिंगमध्ये ते बंद करता येत असेल तर करा. मग वस्तूवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा आणि फोनच मिलिमीटर-मिलिमीटर पुढेमागे हलवा.

१० पट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग फोनच्या लेन्ससमोर अगदी चिकटवून धरलं तरी काम होतं. वस्तू त्यापासून अडीच सेंटिमीटरच्या आसपास येईल. कडा धूसर होतात, तेव्हा महत्त्वाचं ते मध्यभागी ठेवा.

एका मिलिमीटरचं राज्य

आता सर्वात अडचणीची गोष्ट. फुल-फ्रेमवर ॲपर्चर एफ/८ ठेवलं (आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक) तर १:१० ला साधारण पाच सेंटिमीटर खोलीचा भाग तीक्ष्ण येतो. १:४ ला तो एक सेंटिमीटरच्या आत येतो, १:२ ला तीन मिलिमीटर, आणि १:१ ला जेमतेम एक. मधमाशीच्या डोळ्यावर फोकस असेल तर पंखाचं टोक धूसर असणारच. सेन्सर लहान असेल तर तेवढीच चौकट भरताना खोली थोडी जास्त मिळते. फोनचे क्लोज-अप त्यामुळेच अनेकदा 'सगळं स्पष्ट' दिसतात.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे ॲपर्चर एफ/२२ किंवा एफ/३२ करणं. तिथे दुसरीच गडबड होते. जवळ जाताना लेन्सचं परिणामी ॲपर्चर बारीक होत जातं : आकडा गुणिले (१ + मॅग्निफिकेशन). १:१ ला एफ/८ हे प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं आणि एफ/१६ हे एफ/३२ सारखं. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळा फोटो मऊ पडतो. याला डिफ्रॅक्शन म्हणतात. खोली वाढते पण धार जाते. १:१ ला एफ/८ ते एफ/११, १:४ च्या आसपास एफ/११ ते एफ/१६ या मर्यादेत राहा. निकॉनच्या कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्स जवळ नेताना एफ/२.८ चं आपोआप एफ/४.८ च्या आसपास होताना दिसलं तर घाबरू नका. तो कॅमेरा बदललेला आकडा दाखवतो, कॅनन मूळचाच दाखवत राहतो.

तीक्ष्ण भाग हा कागदासारखा सपाट थर असतो आणि तो सेन्सरला समांतर असतो, हे पक्कं लक्षात ठेवा. मग तो थर कुठून न्यायचा एवढंच ठरवायचं असतं. मिटलेल्या पंखांचं फुलपाखरू बाजूने, सेन्सर पंखांना समांतर ठेवून टिपलं तर एफ/८ लाही सगळा पंख स्पष्ट येतो. तेच तिरकं टिपलं तर एफ/१६ सुद्धा पुरत नाही. समांतर आहे की नाही हे समोरून कळत नाही, कॅमेऱ्याच्या वर मान नेऊन पाहा. उलट एखाद्या फुलात तो थर मुद्दाम फक्त एका परागकोषावरून न्यायचा आणि बाकी रंग विरघळू द्यायचा, असंही करता येतं. त्यासाठी एफ/४ चालेल. डोळे असलेल्या कुठल्याही जिवाचे मात्र डोळे स्पष्ट हवेत.

फोकस हाताने, खरं तर शरीराने

१:२ च्या पुढे ऑटोफोकस पुढेमागे शोधत राहतो. मॅन्युअलवर जा, हवं ते मॅग्निफिकेशन रिंगवर ठेवा आणि मग रिंगला हात लावू नका. संपूर्ण कॅमेरा पुढेमागे डोलवत न्या आणि डोळा स्पष्ट होईल त्या क्षणी बटण दाबा. कोपरं छातीला टेकवा किंवा गुडघ्यावर ठेवा, श्वास अर्धा सोडून थांबा. तीन-चार फोटोंची झोड उठवली तर एक तरी थरावर बसतो.

हातात धरून १:१ ला काढताना १०० मिमी लेन्सला १/१०० सेकंदाचा शटर वेग पुरेल हा नेहमीचा हिशेब मोडतो. १/२५० पासून सुरुवात करा, वारा असेल तर १/५००. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० झाला तरी चालेल. दाणेदार पण स्पष्ट फोटो वाचवता येतो, हललेला नाही. लेन्समधला कंप रोखणारा स्टॅबिलायझर १:१ ला फारसा उपयोगी नसतो, कारण तिथे कॅमेरा तिरका हलण्यापेक्षा पुढेमागे जास्त हलतो आणि ते त्याला थोपवता येत नाही.

टेबलावरच्या वस्तूंना ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर आणि बंद स्टॅबिलायझर. जमिनीलगत काम करायचं असेल तर ट्रायपॉडपेक्षा तांदूळ किंवा वाळू भरलेली पिशवी बरी, कॅमेरा तिच्यात रुततो. देठ डुलत असेल तर बाजूला एक काडी रोवा आणि कपड्याच्या चिमट्याने देठ तिला धरा, मात्र फुलापासून खाली, चौकटीबाहेर. उघडलेली पांढरी छत्री वाराही अडवते आणि उन्हाची धारही मोडते.

उजेड

मोठा उगम सावल्या मऊ करतो. इथे 'मोठा' म्हणजे वस्तूच्या मानाने मोठा आणि जवळ. माशीसाठी उजेड पसरवणारा तळहाताएवढा डिफ्यूझरही आकाशासारखा असतो, फक्त तो पाच ते आठ सेंटिमीटरवर आला पाहिजे. अर्ध्या मीटरवर धरला तर तोच पुन्हा टॉर्च होतो. ट्रेसिंग पेपर, बटर पेपर, पॅकिंगमधला एक-दोन मिलिमीटरचा पांढरा फोम यांपैकी काहीही चालतं. दोन थर लावायचे तर त्यांच्यात तीन-चार सेंटिमीटर फट ठेवा. फट नसेल तर मधला भाग जास्त उजळ राहतो आणि चकचकीत पाठीच्या भुंग्यावर तो पांढरा ठिपका म्हणून उमटतो.

पोतासाठी खिडकीशी वस्तू ठेवा, उजेड एका बाजूने आडवा येऊ द्या आणि दुसऱ्या बाजूला पांढरं कार्ड उभं करा. कार्ड जवळ आणलं की सावली भरते, दूर नेलं की खोल होते. कधी कधी पांढऱ्याऐवजी काळं कार्डच हवं असतं : काचेच्या वस्तूच्या दोन्ही बाजूंना काळी कार्डं ठेवली तर कडा काळ्या रेषेने आखल्यासारख्या उठून येतात.

पानाच्या शिरांना मागचा उजेड लागतो. लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन हा तयार प्रकाशपेटीच आहे, पण पान थेट स्क्रीनवर टेकवलं तर मागचे पिक्सेल फोटोत येतात. पान काचेच्या तुकड्यावर ठेवून काच पाच-सात सेंटिमीटर उचला. पान सपाट करण्यासाठी वरून दुसरी काच चालेल, फक्त खोलीतले बाकी दिवे बंद करा. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पांढऱ्या पार्श्वभूमीला फसून फोटो काळपट करतो, तेव्हा +१ स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, द्या. पांढऱ्या फुलांनाही तसंच अर्धा ते एक स्टॉप जास्त लागतं. लाल फुलांचं उलट आहे : लाल रंग एकटाच आधी भरून वाहतो आणि पाकळीची सगळी वळणं एकसारखा लाल डाग होतात. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचे आलेख) पाहा आणि गरज पडल्यास अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा.

धातूला उजेड देता येत नाही, त्याला प्रतिबिंब द्यावं लागतं. चमचा किंवा स्क्रू फोटोत काळा आणि ओबडधोबड दिसतो, कारण त्यात अंधारी खोली दिसत असते. बटर पेपरची नळी करून वस्तूभोवती उभी करा, बाहेरून दिवा लावा आणि वरून कॅमेरा आत डोकावू द्या. नाण्यासाठी आणखी नेमकी युक्ती आहे. नाणं आणि लेन्स यांच्यामध्ये स्वच्छ काच ४५ अंशांत धरा, एका बाजूने दिवा काचेवर टाका आणि समोरच्या बाजूला काळं कार्ड ठेवा. काचेवरून परतलेला उजेड सरळ खाली नाण्यावर पडतो, नाण्याची सपाट पाठ झळाळते आणि अक्षरांच्या कडा गडद होतात. काचेवर एक बोटाचा ठसा असला तरी तो दिसतो.

फ्लॅश वापरायचा असेल तर सुरुवात मॅन्युअल मोड, १/२००, एफ/११, आयएसओ २०० आणि फ्लॅश १/८ पॉवरवर अशी करा, पुढे पॉवर कमी-जास्त करा. कमी पॉवरवर फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपते, त्यामुळे हालचाल गोठते. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश तसाच वापरला तर लांब लेन्सची अर्धगोल सावली वस्तूवर पडते, डिफ्यूझर लेन्सच्या पुढे वाकवून आणा. फ्लॅशने दिवसाही मागचं सगळं काळं होतं, कारण उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. दुप्पट लांब असलेल्या गोष्टीला चतुर्थांशच मिळतो. काळं नको असेल तर वस्तूमागे दहा-पंधरा सेंटिमीटरवर एक पान धरा, किंवा आयएसओ ८०० आणि शटर १/६० करून परिसराचा उजेड आत येऊ द्या.

काय शोधावं आणि कधी

बागेत सूर्य उगवायच्या सुमाराला जा. थंडीने गारठलेले कीटक तेव्हा हलत नाहीत, वारा पडलेला असतो आणि आदल्या रात्री आकाश निरभ्र, हवा स्तब्ध असेल तर दव भरपूर असतं. कोळ्याच्या जाळ्यावरचे थेंब उगवत्या सूर्याच्या दिशेने पाहिले तरच चमकतात. जवळ जाताना सावली अंगावर पडू देऊ नका, शेवटचा अर्धा मीटर अगदी सावकाश कापा. अनेक जातींचे चतुर उडाले तरी त्याच काडीवर परत येतात. काडीवर फोकस करून थांबणं हे मागे धावण्यापेक्षा फलदायी. कीटकाला फ्रीजमध्ये ठेवून किंवा चिकटवून फोटो काढणारेही आहेत. तसं करू नका. अशा फोटोत पायांची ठेवण चुकीची दिसते आणि जाणकाराला ते लगेच कळतं.

घरात काड्यापेटीच्या कडेचा खरखरीत पट्टा, दात घासायच्या ब्रशचे केस, वेल्क्रोचे आकडे, फाटलेल्या कागदाची कड, साबणावरची भेग, मिठाचे चौकोनी दाणे पाहा. कोबी आडवा कापून त्याच्या वळ्यांवर खिडकीचा उजेड टाका. पण फोटोआधी साफसफाई. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी धूळ १:१ ला दगडांसारखी दिसते. ब्लोअर, मऊ ब्रश, हट्टी कणासाठी चिकटपट्टीचं टोक. इथले पाच मिनिटांचे कष्ट नंतर संगणकावरचा तासभर वाचवतात.

पार्श्वभूमी ही अर्धा फोटो असते. कॅमेरा एक सेंटिमीटर बाजूला सरकला तरी मागचा रंग पूर्ण बदलतो, तेव्हा बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवा. कडेला घुसलेलं उजळ गवताचं पातं नजर खेचून नेतं. नक्षीचा फोटो असेल तर ती जिथे मोडते ती जागा शोधा : विणीत सुटलेला धागा, किंवा एकसारख्या बियांत वाकडी एक.

टेबलावरचे तीन खेळ

थेंबात फूल. गवताच्या पात्यावर ड्रॉपरने थेंब लटकवा. पाण्यात अर्धं ग्लिसरीन मिसळलं तर तो लवकर सुकत नाही. मागे पाच ते दहा सेंटिमीटरवर फूल उलटं धरा, थेंब ते सुलटं दाखवेल. इथे बहुतेकांचा फोकस चुकतो. फुलाची प्रतिमा थेंबाच्या आत नसते, ती थेंबापासून किंचित कॅमेऱ्याच्या बाजूला हवेत तयार होते, थेंबाच्या मध्यापासून अंदाजे त्याच्या व्यासाएवढ्या अंतरावर. चार मिलिमीटरच्या थेंबाची कड आणि आतलं फूल हे त्यामुळे सुमारे चार मिलिमीटर अंतरावरच्या दोन थरांत असतात, आणि एफ/८ ला १:१ वर एकच मिलिमीटर मिळतो. दोन फोटो घ्या, एक कडेवर, एक फुलावर, आणि जोडा.

पाण्यावर तेल. काचेच्या सपाट भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी, त्यावर चमचाभर तेल, आणि वर्तुळं लहान हवी असतील तर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. भांडं पुस्तकांच्या दोन ढिगांवर २०-२५ सेंटिमीटर उंच ठेवा, खाली रंगीत कागद, कागदावर दिव्याचा उजेड. कॅमेरा सरळ खाली, सेन्सर पाण्याला समांतर, फोकस तेलाच्या कडांवर. पाणी उकळून गार केलेलं घ्या, त्यात विरघळलेली हवा कमी असते आणि भांड्याच्या तळाला बुडबुडे धरत नाहीत.

प्लास्टिकमधले रंग. एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरा करा, लेन्सवर पोलरायझर (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर) लावून स्क्रीन काळा दिसेपर्यंत तो फिरवा. आता मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा चमचा, पट्टी किंवा सीडीची पेटी धरा. साच्यात प्लास्टिक जिथे ताणलं गेलं तिथे इंद्रधनुषी पट्टे उमटतात. काचेवर पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे एकावर एक आडवेतिडवे लावले तरी रंग येतात, थरांच्या संख्येनुसार वेगवेगळे. काहीच दिसलं नाही तर पोलरायझर थोडा फिरवा आणि स्क्रीन एलसीडीच आहे ना ते तपासा.

थर जोडणं

एका फोटोत खोली पुरत नाही तेव्हा फोकस थोडा-थोडा पुढे सरकवत अनेक फोटो घेऊन ते जोडता येतात. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. दोन फोटोंमधलं पाऊल खोलीच्या अर्ध्याएवढं ठेवा. १:१ आणि एफ/८ ला म्हणजे अर्धा मिलिमीटर. पंधरा मिलिमीटर खोल फुलाला तीसएक फोटो होतात. १:१ पर्यंत लेन्सची रिंग फिरवून जमतं, त्यापुढे कॅमेरा सरकवणारी रेल लागते. तुमच्या कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग असेल तर हे सगळं तोच करतो. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि आयएसओ तिन्ही मॅन्युअल ठेवा, नाहीतर थरांचा रंग जुळत नाही. चौकट दहा टक्के मोकळी धरा, जोडताना कडा कापल्या जातात.

जोडण्यासाठी हेलिकॉन फोकस आणि झिरीन स्टॅकर ही दोन नावाजलेली सॉफ्टवेअर आहेत. फोटोशॉपमधलं ऑटो-ब्लेंडही साध्या स्टॅकला पुरतं. झिरीनमध्ये केस, मिशा, एकमेकांवरून गेलेले पाय असतील तर पीमॅक्स पद्धत घ्या, गुळगुळीत पाकळ्यांना डीमॅप. पीमॅक्स बारकावे राखतं पण दाणेही वाढवतं. फोटोत स्पष्ट-धूसर असे आडवे पट्टे दिसले तर पाऊल मोठं झालंय. कडांभोवती धुरकट वलय दिसलं तर पुढची गोष्ट मागच्यावर फार अंतराने आडवी आली आहे, तिथे एकाच फोटोतला भाग हाताने रंगवून घ्या. दुहेरी पाय दिसला तर कीटक हलला. त्याला इलाज नाही.

संगणकावर

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. पानांखाली काढलेल्या फोटोंना हिरवी झाक असते, ती व्हाइट बॅलन्सने अर्धीच काढा. पूर्ण काढली तर सावली राखाडी दिसते. एफ/१६ च्या आसपास सेन्सरवरची धूळ करडे ठिपके होऊन दिसते, मोकळ्या पार्श्वभूमीवर आधी ती पुसा. बारकावे उठवणारी क्लॅरिटीची सरकपट्टी फक्त विषयापुरती लावा. मागच्या धूसर भागाला लागली तर तो मऊपणा जातो आणि दाणे उठतात. शार्पनिंग सर्वात शेवटी, फोटो ज्या आकारात दाखवायचा त्या आकारात आणल्यावर. आणि त्या दिवशीच्या मॅग्निफिकेशनला काढलेला पट्टीचा एक फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. वर्षभराने कोणी हा कीटक किती मोठा होता असं विचारलं तर खुणा मोजून सांगता येतं.